पाऊण मडकं

आंबवणाचं भांडं काठोकाठ भरायचं नसतं, हे खानदेशात कुणी कुणाला वेगळं शिकवत नाही. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू भिजत घालायची वेळ आली की घरातली जाणती बाई पातेलं निवडतानाच गव्हाच्या मापापेक्षा बरंच मोठं निवडते. तीन दिवस गहू पाण्यात, रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी दाणा फुगतो, तिसऱ्या दिवशी बोटांत दाबला की दूध सुटतं आणि पाण्यावर बारीक फेसाची साय धरते. बिबड्यांच्या ज्वारीचंही तसंच. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. त्या उन्हात एक पाणी बदलायचं राहून गेलं, तर सकाळी झाकण तिरकं झालेलं असतं, ओट्यावरून पांढरट ओघळ खाली आलेला असतो आणि आंबूस वास शेजारच्या घरापर्यंत पोचलेला असतो.

भांड्याच्या गळ्याशी सोडलेली ही रिकामी जागा कुठल्या वस्तुसंग्रहालयात ठेवता येत नाही, पण तिला इतिहास आहे. तो स्वयंपाकघरातून वैद्याच्या कोठीत, तिथून सातपुड्यातल्या मोहाच्या मडक्यात, मग कायद्याच्या कलमांत आणि शेवटी घरी बिअर करणाऱ्यांच्या बादलीत जातो.

आधी फेस येतो कुठून ते पाहू. यीस्ट साखर खातं आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड अशा दोन गोष्टी मागे सोडतं. हिशोब सरळ आहे. एक किलो साखर पूर्ण आंबली, तर जवळजवळ अर्धा किलो वायू सुटतो आणि चाळीस अंश तापमानाला तो सुमारे २८० लिटर जागा व्यापतो. म्हणजे दहा लिटरच्या मडक्यात दोन किलो साखर असेल, तर काही दिवसांत त्याच्या गळ्यातून साडेपाचशे लिटर वायू बाहेर पडणार. ती हळूहळू गेली तर कुणाला कळतही नाही. पण द्रवात प्रथिनं असली की बुडबुड्यांना कातडी मिळते, ते फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात. वायू निघून जातो, फेस मात्र मागे राहतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो. शिवाय आंबताना उष्णता सुटते. द्रव तापला की यीस्ट आणखी जोरात खातं, म्हणून आणखी तापतं. बाहेर खानदेशी उन्हाळा असेल, तर या चक्राला अडवणारं काहीच उरत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा सगळ्यात जुना कारभार दोन ठिकाणी सापडतो, राजाच्या दफ्तरात आणि वैद्याच्या कोठीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार, त्यांची मापं, उडीद आणि तांदळापासून करायचं विरजण, सगळं बारकाईनं दिलं आहे. मला त्यातली एक सवलत फार बोलकी वाटते. गृहस्थांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक होती, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची परवानगी. म्हणजे घरगुती आंबवण हा कायद्याचा प्रश्न तेव्हाही होताच, फक्त उत्तर आजच्यासारखं नव्हतं.

वैद्यकाची परंपरा जास्त तपशिलाची. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची यादी येते. शार्ङ्गधरानं पुढे पाणी, गूळ, मध आणि औषधी चूर्ण यांचं सर्वसाधारण प्रमाण ठरवून दिलं, ते आजही वापरात आहे. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट ही नावं मराठी घरांत औषधांच्या फडताळात असतात आणि ती आंबवून होतात हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं. आंबवण सुरू व्हायला धायटीची फुलं घालतात. ही लाल फुलांची झुडपं सातपुड्याच्या उतारांवर भरपूर. त्या फुलांबरोबर रानातलं यीस्ट आपसूक येतं.

आसव घालायची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मडक्याला आतून तूप चोपडायचं, मग धूप द्यायचा. काढा किंवा रस, गूळ, चूर्ण घालून भांडं साधारण तीन चतुर्थांश भरायचं. वरचा चौथा हिस्सा मोकळा. तोंडाला आधी नुसतं फडकं बांधतात, पहिला जोर ओसरला की झाकण ठेवून कापडमातीनं सांधे लिंपतात. मग मडकं धान्याच्या राशीत पुरून ठेवायचं, म्हणजे ऊब सारखी राहते. आंबवण झालं की नाही हे पाहायला वैद्य कान लावून ऐकतो, आतली चुरचुर थांबली का. दुसरी परीक्षा पेटत्या काडीची. मडक्याच्या तोंडाशी काडी नेली आणि विझली, तर वायू अजून सुटतो आहे. जळत राहिली, तर काम झालं.

या तुपाबद्दल एक अवांतर. मातीची छिद्रं बुजावीत, झिरपा थांबावा म्हणून तूप लावतात, असं कारण सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण स्निग्ध पदार्थ फेसाचाही वैरी असतो. बुडबुड्याच्या पातळ पडद्यात चरबीचा कण शिरला की पडदा फाटतो. दूध तापवताना पातेल्याच्या काठाला तुपाचं बोट फिरवणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. तेव्हा आत चोपडलेल्या तुपानं मडक्याच्या गळ्याशी चढणारा फेसही आपोआप खाली बसवला असणार.

सातपुड्यात शिरलं की भांडं तेच राहतं, कोठीची शिस्त जाते. चोपडा, यावल, रावेरची डोंगरपट्टी, धुळ्याकडचा शिरपूर, आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, हा सगळा भिल्ल, पावरा, मावची, कोकणा लोकांचा आणि मोहाच्या झाडांचा मुलूख. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. मांसल, पिवळसर, तोंडात टाकली तर गोड आणि किंचित उग्र. बायका-पोरं पहाटे टोपल्या घेऊन जातात. फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. ती भाजून, शिजवून खातात, गुरांना घालतात, बाजारात विकून मीठ-मिरची आणतात आणि काही फुलं मडक्यात जातात.

या मडक्याची अडचण बिअरपेक्षा वेगळी आहे, आणि मोहाबद्दल लिहिणारे सहसा तिकडे लक्ष देत नाहीत. वाळकी फुलं पाण्यात आधी तळाशी बसतात. दुसऱ्या दिवसापासून वायू त्यांच्या पोटात अडकतो आणि ती वर येऊ लागतात. बघता बघता मडक्याच्या गळ्याशी फुलांचा जाड थर जमतो. खालून वायू ढकलतो आणि वरचा थर बुचासारखा बसतो. भांडं भरलेलं असेल, तर आख्खा थरच उचलला जाऊन काठावरून खाली लोळतो, मागोमाग द्रव. म्हणून मडकं अपुरं भरतात, वर सैल झाकण किंवा फडकं ठेवतात आणि मधूनमधून काठीनं थर खाली दाबतात. द्राक्षाची लाल वाइन करणारेही सालींचा असाच थर दिवसातून दोन-तीनदा बुडवतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत हे काम आटोपतं, थंडीत दुप्पट दिवस लागतात. पुढे ते मडकं चुलीवर चढतं आणि धार निघते. देवाला, पूर्वजांना त्यातलेच चार थेंब जमिनीवर सांडून मग बाकीचे पितात.

मातीच्या मडक्याचा आणखी एक गुण होता, तो गेल्यावर कळला. न चोपडलेलं मडकं झिरपतं आणि खानदेशच्या कोरड्या हवेत ते पाणी उडून जाताना भांडं थंड ठेवतं. सावलीत, निम्मं जमिनीत रोवलेलं मडकं बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गार राहतं, त्यामुळे यीस्टचा वेग आवाक्यात राहतो. नुसती रिकामी जागा पुरत नाही, गारवाही लागतो. मडक्यात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जगाच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडमध्ये याच फेसाशी झुंज चालली होती, आणि तिचा धागा थेट हिंदुस्थानशी जोडलेला आहे. १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉपनं हिंदुस्थानच्या बाजारासाठी फिकी, कडवट बिअर करायला घेतली. मागोमाग बास कंपनी आली. पिंपं जहाजांवर चढून मुंबई-कलकत्त्याला निघाली. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रम खानदेशात धरणगावला भिल्ल पलटण उभी करत होता, तो हाच काळ. बर्टनच्या पिंपांत आंबवण जोरात आलं की फेस बुचाच्या भोकातून बाहेर पडायचा, त्याबरोबर बिअरही जायची आणि यीस्टही. १८३८ मध्ये पीटर वॉकर यानं एक रचना पेटंट केली. पिंपांची रांग, प्रत्येक पिंपाच्या माथ्यातून वर जाणारी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी आणि वर एक लांब पन्हळ. फेस नळीतून पन्हळीत पडायचा, यीस्ट तिथं खाली बसायचं, निवळलेली बिअर उतारानं परत पिंपात. ही बर्टन युनियन पद्धत मार्स्टन्सच्या कारखान्यात थेट २०२४ पर्यंत चालली. तिचा एक संच आता थॉर्नब्रिज नावाच्या दुसऱ्या ब्रुअरीनं चालवायला घेतला आहे.

वॉकरनं फेस थांबवायचा प्रयत्न केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यानं फक्त फेस कुठं पडावा ते ठरवलं. मडक्याच्या मोकळ्या गळ्यातही हेच होत असतं. यीस्टला शिस्त लावता येत नाही, जागा देता येते. तोंड घट्ट बंद केलं, तर भांडं फुटायची भीती. कारण कुठलंही असो, मोठं भांडं फुटलं की काय होतं ते आधीच दिसलं होतं. लंडनमध्ये १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यूच्या ब्रुअरीतल्या प्रचंड लाकडी हौदाची लोखंडी पट्टी सुटली, हौद फुटला, बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जणांचा बळी गेला.

इकडे सरकारला फेसाशी कर्तव्य नव्हतं, महसुलाशी होतं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि दारू गाळणं हा परवान्याचा, ठेक्याचा धंदा झाला. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला. तो ठाणे-कुलाब्यासाठी होता, पण त्यातून सरकारची नजर कुठवर पोचली ते कळतं. आता भट्टीबरोबर फूलही संशयित. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं सरसकट गुन्हा ठरलं. मोहाच्या फुलांचा साठा आणि वाहतूक बंधनात राहिली. महाराष्ट्रात घरी बिअर करणाऱ्याला आजही हाच कायदा लागू आहे, मग तो शिरपूरच्या पाड्यावरचा असो की पुण्यातल्या सोसायटीतला. औषधी आसवांचा कज्जा त्याच वेळी वेगळा निघाला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाल्सरा खटल्यात मद्यार्क असलेल्या औषधांवर आणि प्रसाधनांवर हा कायदा लादणारा भाग रद्द केला. म्हणून वैद्याचं पाऊण मडकं सुटलं, पावऱ्याचं अडकलं.

लपवायची वेळ आली की मडक्याचं स्थान बदलतं. अंगणातलं भांडं नाल्याच्या काठी, झुडपात, वाळूत पुरलेलं. येऊन पाहणं, थर दाबणं जमेनासं होतं. एकाच खेपेला जास्त माल हवा म्हणून भांडं भरभरून घेतलं जातं. मग ते उतू जातं आणि आंबूस वास वाऱ्यावर सुटतो. पोलिसांना वाट दाखवायला तेवढं पुरे असतं.

मडक्याचा दुसरा शत्रू आतूनच उभा राहिला. ज्यांच्या घरात ते होतं, त्यांनीच ते नको म्हटलं. १९२२-२३ मध्ये शेजारच्या सुरत जिल्ह्यात गाजलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी दारू-ताडी सोडायच्या शपथा घेतल्या. पुढे तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांनी आरतीला जमलेल्या हजारो भिल्लांना दारू सोडायला सांगितलं. एकमेकांना 'आप' म्हणायचं, हा त्यांचा आग्रह होता. १९३८ मध्ये ते वारले, चळवळ मात्र चालू राहिली.

पण मडकी खरी फुटली ती १९७२-७३ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात. दुष्काळाची वर्षं. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी गमावलेल्या जमिनी आणि मजुरी या प्रश्नांवर लढा उभा केला होता. त्याच लढ्याच्या शिबिरांतून बायकांनी स्वतःचा विषय पुढे आणला. मजुरी दारूत जाते, आणि दारूनंतर मार खावा लागतो. त्या गटागटानं गावोगाव फिरल्या, घरांत शिरून दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. शहाद्याच्या चळवळीवर जितकं लिहिलं गेलं, त्यात हा प्रसंग हमखास येतो. मोहाच्या दारूबद्दल हळहळीनं लिहिणाऱ्या आजच्या लेखांत तो गाळलेला दिसतो. मडक्याबद्दल मला कितीही जिव्हाळा वाटला, तरी ते फोडणाऱ्यांची बाजू लिहिल्याशिवाय हा मागोवा पुरा होणार नाही.

आता बिअरकडे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि तिथंही वाट मोकळी झाली. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी माणसांनी हा छंद धरला, तर त्यांना पहिल्याच खेपेला हाच प्रश्न भेटणार. बार्लीत प्रथिनं भरपूर, त्यात हॉप्सच्या कडू फुलांची राळ, म्हणून बिअरचा फेस चिवट असतो. वीस लिटर रसाला निदान पंचवीस लिटरचं भांडं हवं. तोंडाला पाण्याची वाकडी नळी, म्हणजे एअरलॉक, लावतात. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. पण ती नळी बारीक असते. पहिल्या दोन दिवसांत फेस तिच्यात चढला आणि हॉप्सचा चोथा अडकला, की भांडं बंद बाटलीसारखं होतं. मग झाकण उडून छताला लागतं, काचेचं भांडं असेल तर फुटतं. उतू गेलेलं पुसता येतं, तुंबलेलं घात करतं. म्हणून जाणकार पहिले दिवस एअरलॉक काढून बोटभर जाड नळी लावतात आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतात. फेस बादलीत जातो. बर्टनच्या पन्हळीची ही घरगुती पणती.

दुसरा उपाय तुपाच्या जातीचा. सिमेथिकोनचे थेंब. हेच औषध आपल्याकडे तान्ह्या बाळाला पोटात वात धरला की देतात. पोटातले बुडबुडे ते ज्या रीतीनं फोडतं, त्याच रीतीनं भांड्यातले. आणि तिसरा उपाय गारव्याचा. बिअरचं नेहमीचं यीस्ट अठरा ते बावीस अंशांत खूश असतं. पस्तिशीत ते पिसाळतं, चवही बिघडवतं. कोरड्या हवेच्या गावी भांड्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळून पंखा सोडला, तर काही अंश सहज उतरतात. एक सावधगिरी मात्र कुठंही पाळावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत जमिनीलगत साचतो. मोठी भांडी तळघरात किंवा खड्ड्यात ठेवून वर बसू नये. काडी विझते तिथं माणूसही टिकत नाही.

सातपुड्यात मडक्याची जागा निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमनं घेतली त्याला आता बरीच वर्षं झाली. ड्रम हलका, फुटत नाही, पण झिरपतही नाही, म्हणून आतली उष्णता आतच राहते. मोहाची फुलं महाग आणि मोसमी, काळा गूळ बारमाही, म्हणून कितीतरी ठिकाणी फुलंही गेली. गुळाच्या पाण्यात प्रथिनं थोडी. ते फसफसतं, पण त्यावर फेसाचा किंवा फुलांचा थर चढत नाही, तेव्हा ड्रम गळ्यापर्यंत भरला तरी निभतं.

कायद्याची बाजूही थोडी हलली आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं उठवली. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशनं एक पाऊल पुढे जाऊन मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि अलिराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचत गटांकडून ती अधिकृतपणे करून घ्यायला सुरुवात केली. अलिराजपूर नंदुरबारच्या सीमेला लागून. तिथं हे काम उघड्यावर, परवान्यानं चालतं, नदीच्या अलीकडे तेच रसायन ठरतं. 'रसायन' हा पोलिसांच्या आणि वार्ताहरांच्या भाषेतला शब्द. हातभट्टीवर छापा, कच्चं रसायन नष्ट, ही बातमी जळगाव-धुळ्याच्या आवृत्तीत नियमानं असते. सातपुड्यातल्या बाईनं मडकं किती भरलं, किती मोकळं सोडलं, हे कुणी कधी लिहून ठेवलं नाही. पंचनामा मात्र लिहितो. दोनशे लिटरचा ड्रम, आत एकशे ऐंशी लिटर रसायन, अशा धाटणीची नोंद कित्येकदा दिसते. वैद्याच्या चौथ्या हिश्श्याची रिकामी जागा तिथं दहाव्या हिश्श्यावर आली आहे, आणि तिची मोजदाद एक्साइजचा शिपाई करतो.